ज्येष्ठांचा एकटेपणा आणि बोलणारे यंत्र

(१ ऑक्टोबर या ज्येष्ठ नागरिक दिनानिमित्त भरलेल्या ज्येष्ठ-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९० साली ठराव करून १ ऑक्टोबर हा दिवस ज्येष्ठांसाठी ठेवला आणि १९९१ पासून तो पाळला जाऊ लागला. या दिवशी ज्येष्ठांना शाल व पुष्पगुच्छ द्यावा, गौरवाचे चार शब्द बोलावेत आणि आपापल्या घरी जावे, असा आपला रिवाज आहे. आज आम्ही तो रिवाज थोडा मोडणार आहोत. कृत्रिम बुद्धिमत्ता ज्येष्ठांचा एकटेपणा कसा कमी करू शकेल, हा विषय मंडळाने आम्हाला दिला आहे. त्याची सुरुवात आमच्याच हातून झालेल्या एका चुकीपासून करणे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटते.

आम्ही म्हणजे मंडळाच्या अभ्यासवर्गातले पाच-सहा जण. आमच्या वस्तीत एक आजी राहतात. त्यांचे नाव येथे घेत नाही, सगळी वस्ती त्यांना आजीच म्हणते. पती निवर्तले, मुलगा नोकरीनिमित्त हैदराबादेस स्थायिक झाला. नातू तिथल्याच शाळेत शिकतो. त्याला तेलुगू येते, इंग्रजी येते, आजीची वऱ्हाडी मात्र फारशी कळत नाही. आजींना अक्षरओळख नाही. मुलाने पाठवलेला मोठा फोन पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवलेला होता.

आम्ही तो फोन बाहेर काढला. चार रविवार आजींकडे बसलो. फोनवर बोट ठेवून बोलले की बोललेले लिहिले जाते, आलेला निरोप फोन वाचून दाखवतो, आणि मराठीत बोललेले तेलुगूत ऐकवता येते, हे त्यांना शिकवले. पहिल्यांदा नातवाचे बोलणे मराठीत ऐकले तेव्हा त्यांनी फोन कानाला लावून तीनदा ऐकला. आम्हाला मोठे समाधान वाटले. काम फत्ते झाले असे समजून आम्ही दुसऱ्या घराकडे वळलो. आजींच्या दारी जाणे आठवड्याचे पंधरा दिवसांवर गेले, पंधरा दिवसांचे महिन्यावर. फोन आहे ना, असे आम्ही एकमेकांना सांगत होतो.

दोन महिन्यांनी एकदा सहज डोकावलो. फोन चार्जिंगला लावलेला होता, आजी उंबऱ्यात बसल्या होत्या. "आजी, फोन चालतो ना?" असे विचारले. त्या म्हणाल्या, "चालते ना बाबू. फोन लय गोड बोलते. पन चाय कोनासाठी मांडू?"

मित्रहो, या एका वाक्याने आमची सगळी शिकवणी आमच्यापुढे उभी केली. आम्ही चार रविवार गेलो तेव्हा आजी प्रत्येक वेळी चहा मांडत होत्या. साखर आणायला शेजारच्या पोराला पिटाळत होत्या, आमच्यातल्या एकाला बिनसाखरेचा लागतो हे लक्षात ठेवत होत्या. आम्ही समजत होतो की आम्ही त्यांना काही देत आहोत. त्या मात्र आम्हाला देत होत्या, आणि त्यांना हवे होते ते हेच. आम्ही फोन दिला आणि त्यांचा देण्याचा हक्क काढून घेतला.

आज आम्हाला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. बाकीचे सारे त्याचे स्पष्टीकरण समजावे.

प्रथम, ही कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे काय ते साध्या शब्दांत पाहू. हा शब्दप्रयोग नवा नाही. अमेरिकेतील डार्टमथ येथे १९५६ साली झालेल्या संशोधकांच्या बैठकीपासून तो रूढ झाला. त्या वेळी ती एक कल्पना होती, आज ती खिशातल्या फोनात येऊन बसली आहे. माणसांचे लाखो तास बोलणे व अगणित पाने मजकूर संगणकाला पुरवला जातो. त्यातून कोणत्या आवाजाला कोणते अक्षर, कोणत्या शब्दापुढे बहुधा कोणता शब्द, याचे हिशेब तो आपल्यात साठवतो. आपण बोललो की त्या हिशेबावरून तो लिहितो, भाषांतर करतो, उत्तरही देतो. त्याला आपली ओळख नसते आणि काळजीही नसते. परंतु त्याचे उत्तर काळजी असल्यासारखे ऐकू येते. त्याची उपयुक्तता यात आहे आणि धोकाही यातच आहे.

आता प्रश्न किती मोठा आहे ते पाहू. २०११च्या जनगणनेत आपल्या देशात साठ वर्षांवरील माणसे सुमारे १० कोटी ४० लाख होती. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ साली ती सुमारे १४ कोटी ९० लाख झाली आणि २०५० पर्यंत ती ३४ कोटी ७० लाखांच्या आसपास जाईल. म्हणजे दर पाच माणसांत एक ज्येष्ठ. आज आमच्या समोर जे विद्यार्थी बसले आहेत, त्यांच्यातले कित्येक तेव्हा त्या वयाकडे वाटचाल करत असतील. तेव्हा हा विषय आजोबा-आजींचा आहे, आपला नाही, असे कोणी समजू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने सामाजिक संबंधांविषयी एक आयोग नेमला होता. त्याचा अहवाल जून २०२५ मध्ये आला. जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो आणि वर्षाला ८ लाख ७१ हजारांहून अधिक मृत्यूंशी त्याचा संबंध जोडता येतो, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. ब्रिटनने २०१८ साली आणि जपानने २०२१ साली एकटेपणाच्या प्रश्नासाठी स्वतंत्र जबाबदारी देऊन मंत्री नेमले. जपानच्या पोलीस खात्याच्या मोजणीप्रमाणे २०२४ या एका वर्षात घरात एकटे असताना मरण पावलेली माणसे ७६ हजारांवर होती आणि त्यातली तीन चतुर्थांशांहून अधिक पासष्टीच्या पुढची होती. श्रीमंत देशांची ही कथा आहे. पैसा आला म्हणजे सोबत येतेच असे नाही, हा त्याचा अर्थ.

अशा देशांनी यंत्राकडे मदत मागितली. त्यांचा अनुभव आपल्याला उपयोगी पडेल म्हणून चार उदाहरणे सांगतो.

पहिले उदाहरण जुने आहे. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १९६६ साली 'एलायझा' नावाचा एक संगणक कार्यक्रम जाहीर केला. टंकलिहून काही सांगितले की तो त्याच वाक्याचा प्रश्न करून परत विचारी. "मला बरे वाटत नाही" म्हटले की "तुम्हाला बरे का वाटत नाही?" अशा धर्तीचे. त्यात समज म्हणून काही नव्हती. परंतु प्राध्यापकांच्या स्वतःच्या सचिव बाई, ज्यांनी तो कार्यक्रम तयार होताना पाहिला होता, त्या त्याच्याशी बोलू लागल्या आणि थोड्या वेळाने त्यांनी प्राध्यापकांनाच खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. आपले मन कोणीतरी ऐकावे, ही माणसाची भूक किती मोठी असते ते यावरून कळते. वायझेनबाउम पुढे आयुष्यभर सावधगिरीचा इशारा देत राहिले.

दुसरे उदाहरण जपानचे. ताकानोरी शिबाता या संशोधकाने 'पारो' नावाचे सील माशाच्या पिलासारखे दिसणारे मऊ केसाळ यंत्र तयार केले. (सील हा खरे तर मासा नव्हे, समुद्रात राहणारा सस्तन प्राणी आहे.) पाठीवरून हात फिरवला की ते मान वळवते, डोळे मिटते, आवाज करते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ साली त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना ते मांडीवर दिले जाते. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, वृद्धाश्रमात असे यंत्र मध्ये ठेवले असता त्याच्याभोवती बसलेले वृद्ध एकमेकांशी अधिक बोलू लागले, असे शिबाता व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. पारोला एक शब्दही बोलता येत नाही. त्याने काय केले? माणसांना एकत्र बसण्यासाठी एक निमित्त दिले.

तिसरे उदाहरण न्यूयॉर्क राज्याचे. 'एलिक्यू' नावाचे मेजावर ठेवायचे एक यंत्र इस्रायलच्या एका कंपनीने बनवले. ते आपणहून बोलणे काढते. सकाळी विचारपूस करते, औषधाची आठवण देते, घरच्यांना निरोप पाठवू का असे विचारते. राज्याच्या ज्येष्ठ नागरिक कार्यालयाने २०२२ साली अशी आठशेहून अधिक यंत्रे एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना देण्याचे ठरवले. वापरणाऱ्यांचा एकटेपणा ९५ टक्क्यांनी कमी झाला, असे त्या कार्यालयाने २०२३ साली जाहीर केले. योजना चालवणाऱ्यानेच दिलेला हा आकडा आहे, तेव्हा तो जपून घ्यावा. तरीही ज्यांच्या घरात दिवसभर शब्द उमटत नाही त्यांना आपणहून हाक मारणारे काहीतरी हवेसे वाटते, एवढे त्यावरून मानायला हरकत नाही.

चौथे उदाहरण 'जिबो'चे. घरातला मित्र म्हणून २०१७ साली हा छोटा यंत्रमानव अमेरिकेत विक्रीस आला. लोकांनी त्याला जीव लावला. कंपनीचे गणित जमले नाही. २०१९ साली जिबोने स्वतःच्याच तोंडाने आपल्या मालकांना सांगितले की, माझी यंत्रणा आता बंद होणार आहे, आपण एकत्र घालवलेल्या वेळेबद्दल आभार. विचार करा, सत्तरी ओलांडलेल्या माणसाने आयुष्यात पुष्कळ निरोप घेतलेले असतात. त्यात एका कंपनीच्या ताळेबंदामुळे आणखी एक निरोप कशाला?

या चारही उदाहरणांचे तात्पर्य एकच निघते. यंत्र माणसाकडे नेत असेल तर ते कामाचे. यंत्रापाशीच थांबवत असेल तर, ते कितीही गोड बोलो, एकटेपणा झाकला जातो, जात नाही. आम्ही आजींच्या घरी नेमके हेच विसरलो होतो.

आता आपल्या घराकडे येऊ. न्यूयॉर्कचे यंत्र आपल्या वस्तीत येणार नाही आणि त्याची गरजही नाही. पुष्कळ घरांत फोन आहे. मात्र तो बहुधा मुलाचा किंवा नातवाचा असतो आणि ज्येष्ठांच्या हाती तो 'जपून धर' या सूचनेसह पाच मिनिटे येतो. तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे फोन त्यांच्या हाती राहू द्यावा. पडला तर पडेल.

दुसरी गोष्ट अक्षरओळखीची. २०११च्या जनगणनेत साठ वर्षांवरील लोकांपैकी साक्षर होते सुमारे ४४ टक्के. शाळेची पायरी ज्यांना चढता आली नाही, त्यांना आजपर्यंत प्रत्येक कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला. पत्र आले तर पोस्टमनकडून, नोटीस आली तर मास्तरांकडून. घरातले गुपित असे दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागे. गूगलने २०१७ साली मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलून लिहिण्याची सोय केली. केंद्र सरकारने २०२२ साली 'भाषिणी' ही योजना सुरू केली. भारतीय भाषांत बोलणे, लिहिणे व भाषांतर ही कामे संगणकाकडून करून घेण्याचा तिचा उद्देश आहे. आता ज्या बाईला अक्षर येत नाही ती स्वतः निरोप पाठवू शकते आणि आलेला निरोप स्वतःच्या कानाने, एकटीने ऐकू शकते. आयुष्यात प्रथमच तिचे पत्र तिचे स्वतःचे झाले. या यंत्रविद्येचा एवढाच उपयोग असता तरी आम्ही तिचे स्वागत केले असते.

तिसरी गोष्ट कानाची. वय वाढले की प्रथम उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने निसटतात. बाईमाणसाचा आणि लहान मुलांचा आवाज आधी अस्पष्ट होतो. आजोबांना आवाज येतो, शब्द कळत नाहीत. चारचौघांत ते हसण्याच्या ठिकाणी हसत नाहीत, मग हळूहळू चारचौघांत येणेच सोडतात. आपण म्हणतो, त्यांचे लक्ष नसते. ज्यांना वाचता येते अशांसाठी समोरच्याचे बोलणे फोनच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटवणारी सोय आता आहे. गूगलने २०१९ साली 'लाइव्ह ट्रान्स्क्राइब' हा कार्यक्रम सत्तरहून अधिक भाषांसाठी आणला. तो तयार करण्यात दिमित्री कानेव्स्की या संशोधकाचा मोठा वाटा होता आणि ते स्वतः कर्णबधिर आहेत. ज्याचे दुखणे त्यानेच औषध शोधले म्हणजे ते नेमके बसते. विद्यार्थी मित्रांनो, आपल्या घरातले आजोबा गप्प झाले असतील तर आधी त्यांचे कान तपासून घ्या. मग ही सोय दाखवा.

चौथी गोष्ट जरा वेगळी आहे. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्यासाठी १० नोव्हेंबर २०१४ रोजी 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सोय सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२१ पासून फोनसमोर चेहरा धरूनही दाखला देता येतो. चेहरा ओळखण्याचे हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेचेच आहे. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांच्या बोटांचे ठसे कष्टाने झिजले आहेत, त्यांना हा मोठाच दिलासा. परंतु आमच्या वस्तीतल्या एका निवृत्त कामगार काकांनी यावर जे सांगितले तेही ऐका. ते म्हणाले, "नोव्हेंबरात बँकेच्या ओट्यावर आम्ही जुने सोबती वर्षातून एकदा भेटत होतो. कोण राहिला, कोण गेला, तिथेच कळायचे. आता घरबसल्या दाखला होतो. हयात आहे हे सरकारला कळते, सोबत्याला कळत नाही."

सोय झाली आणि भेट गेली. आम्ही सोयीच्या विरुद्ध नाही. परंतु जेथे यंत्राने एखादी फेरी वाचवली, तेथे ती वाचलेली वेळ भेटीसाठी लावण्याची जबाबदारी आपली आहे. गेल्या नोव्हेंबरात आम्ही अशा सगळ्या निवृत्तांना एका रविवारी विहाराच्या सभागृहात बोलावले. विद्यार्थ्यांनी एकेकाचा चेहरा फोनसमोर धरून दाखले करून दिले. काम तासाभराचे होते. मंडळी सायंकाळपर्यंत हलली नाहीत.

आता भाषेविषयी थोडे. आमच्या आजी जेव्हा फोनशी बोलत, तेव्हा 'मले', 'तुले', 'पोट्टं', 'कवा' हे शब्द त्याला पेलत नसत. काहीचे काही लिहिले जाई. आजी म्हणाल्या, "याले शयरातलंच समजते." त्यांचे निदान बरोबर होते. यंत्र ज्या बोलण्यावर शिकते तेच त्याला कळते. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा, दात गेलेल्या तोंडाचा, थांबत थांबत येणारा आवाज त्याच्या शाळेत फार कमी पोचलेला आहे. ज्यांना अक्षराने वगळले त्यांना आता आवाजानेही वगळले जाण्याची भीती आहे. हे होऊ द्यायचे नसेल तर आपल्या वडीलधाऱ्यांचे बोलणे जतन केले पाहिजे.

हे काम आपल्या महाराष्ट्रात यंत्राच्या आधी माणसांनी केले आहे. पुण्यातील संशोधक गी प्वातवँ व हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह आहे आणि 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहस्थळाने तो २०१७ पासून लोकांसमोर आणण्यास सुरुवात केली. त्या ओव्या ज्या बायांनी म्हटल्या, त्यांतल्या बहुतेकींना लिहिता येत नव्हते. त्यांचे ज्ञान गळ्यात होते. कोणीतरी समोर जाऊन बसले, ऐकले, म्हणून ते उरले.

आज विद्यार्थ्याच्या हातात असे साधन आहे की आजीचे तासाभराचे बोलणे ध्वनिमुद्रित करून त्याचा कच्चा लेखी मजकूर तो त्याच दिवशी काढू शकतो. त्यात चुका असतील. त्या चुका दुरुस्त करण्यासाठी त्याला पुन्हा आजीकडे जावे लागेल, हा शब्द कोणता म्हणून विचारावे लागेल. आम्हाला तर वाटते, यंत्राच्या चुका हाच त्याचा मोठा गुण आहे. त्या निमित्ताने आजीकडे दुसरी फेरी होते.

आता सावधगिरीच्या तीन सूचना. या फक्त ज्येष्ठांसाठी नाहीत, सर्वांसाठी आहेत.

एक. बोलणारे यंत्र ठाम आवाजात चुकीचेही सांगते. गोळी किती घ्यावी, साखर वाढली तर काय करावे, कागदावर सही करावी की नाही, हे त्याला विचारून ठरवू नये. डॉक्टर, नर्सताई, वकील ही माणसे त्यासाठी आहेत.

दोन. ज्या विद्येने आजीचे बोलणे तेलुगूत जाते, त्याच विद्येने चोरही मुलाचा आवाज काढू शकतो. "आई, मी संकटात आहे, ताबडतोब पैसे पाठव" असा हुबेहूब आवाजात फोन येऊ शकतो. गणवेश घालून पडद्यावर येणारे आणि तुम्हाला 'डिजिटल अटक' केली आहे असे धमकावणारेही आहेत. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरून याविषयी देशाला सावध केले होते. आपल्या कायद्यात फोनवरून अटक नाही. प्रत्येक घराने एक खुणेचा शब्द ठरवावा, जो फक्त घरच्यांना ठाऊक. पैसे मागणाऱ्याला तो विचारावा. फोन ठेवून मुलाच्या नेहमीच्या क्रमांकावर आपण फोन करावा. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. एकटा माणूस लवकर फसतो, कारण चोर त्याच्याशी निवांत बोलतो. घरच्यांना तेवढा वेळ नसतो. हे वाक्य घरच्यांनी लक्षात ठेवावे.

तीन. आधार क्रमांक, बँकेचा आकडा, फोनवर येणारा गुप्त क्रमांक, घरातली भांडणे, यांतले काहीही बोलणाऱ्या यंत्राला सांगू नये. सांगितलेले कोठे साठते ते आपल्याला दिसत नाही.

याशिवाय १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक सर्वांनी मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहून ठेवावा. तेथे दुसऱ्या बाजूला माणूस बोलतो.

मित्रहो, आजींच्या त्या वाक्यानंतर आम्ही काय केले ते सांगून हे लांबलेले भाषण संपवतो.

आम्ही एक वही केली. प्रत्येक विद्यार्थ्याकडे दोन ज्येष्ठ. रविवारी एक तास. वहीत तीन रकाने. पहिल्यात लिहायचे, या आठवड्यात फोनने काय काम केले. दुसऱ्यात लिहायचे, त्यामुळे कोणत्या माणसाशी बोलणे किंवा भेट झाली. तिसऱ्यात लिहायचे, ज्येष्ठाने आपल्याला काय दिले. पहिला रकाना भरलेला आणि दुसरा रिकामा असेल, तर ती आमची चूक समजायची. तिसरा रकाना भरणे विद्यार्थ्यांना सुरुवातीला जड गेले. काय लिहावे ते कळेना. नंतर तोच सर्वांत जास्त भरू लागला. कोणी आंबाडीची भाजी कशी करायची ते लिहिले. कोणी एकोणीसशे बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाऊन रस्त्याची खडी कशी फोडली ते लिहिले. एका मुलीने नुसते लिहिले, 'आज आजींनी माझी वेणी घातली.'

आजींचे म्हणाल तर नातवाने तिकडून विचारले, आजी, तू लहानपणी काय खेळायचीस? यंत्राने ते मराठीत सांगितले. आजींनी उत्तर दिले, यंत्राने ते तेलुगूत सांगताना पुष्कळ गोंधळ घातला. तेव्हा नातवाने बापाला विचारले आणि बापाने, ज्याने कित्येक वर्षांत आपली बोली घरात काढली नव्हती, त्याला समजावून सांगितले. म्हणजे यंत्र अडखळले आणि बाप-लेक बोलू लागले. दिवाळीच्या सुटीत नातू आला. त्याने दारातूनच "आजी, चाय मांड" असे म्हटले. ते चार शब्द त्याने फोनकडून नव्हे, बापाकडून शिकून घेतले होते.

आणि चार शब्द म्हणताना आम्ही एक शब्द जास्त मोजला, हे आमच्यातल्या एका विद्यार्थ्याने दाखवून दिले. ते तीनच होते. परंतु आजी म्हणाल्या, "राहू दे बाबू, मले ते चारच ऐकू आले."

असो. कृत्रिम बुद्धिमत्ता येणार का, हा प्रश्न आता उरलेला नाही, ती आलेली आहे. ती आपल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवील, ऐकवील, दूरच्यांची भाषा जवळ आणील. ही कामे तिला खुशाल द्या. परंतु तिला चहा लागत नाही, ती साखर कमी घाल असे म्हणत नाही, तिची वेणी घालता येत नाही. तेवढे आपल्याकडे राहू द्या.

येथून घरी जाताना प्रत्येक विद्यार्थ्याने दारातल्या मेजावरच्या वहीत आपले नाव लिहावे आणि दोन घरे निवडावीत. निवडलेल्या घरी येत्या रविवारी जावे. आणि चहा विचारला तर नको म्हणू नये.